अकरा माणसं, एक नंबर

दगडोबांच्या वर्षाच्या जेवणाला हट्ट्यात दीडशे पानं उठली. खीर पुरली, गुरुजी वेळेवर आले आणि वेळेवर गेले, एकाही पाहुण्यानं भाजीला नाव ठेवलं नाही. तरीसुद्धा विश्वंभरच्या कपाळावरची आठी काही हलायला तयार नव्हती. कारण एकच, सरिता. बहीण सकाळी आठच्या एसटीनं कनेरगाव नाक्याहून आली, बापाच्या फोटोला हात जोडले आणि वळून पहिला प्रश्न काय विचारला, तर "दादा, फोन कुठं हाय तुमचा?"

"खिशात. जेवणं होऊ दे, मग बघू," असं म्हणून त्यानं सकाळ ढकलली.

आता दुपारचे दोन वाजले होते. पाहुणे टॉवेल-टोपी घेऊन पांगले. अंगणात उकडलेली हळद वाळत घातली होती, तिच्या वासानं डोकं जड होत होतं. ओसरीवरच्या सतरंजीवर घरचीच माणसं उरली. थोरला विश्वंभर. मधला विजयकुमार, हिंगोलीला कॉलेजात कारकून, पांढऱ्या पँटीला सुरकुती पडू नये म्हणून पाय लांब करून बसलेला. धाकटी सरिता. आणि भिंतीला टेकून सुपारी कातरणारे शिरड शहापूरचे नरसिंगमामा. आईच्या माघारी या घरात कुणाचा शब्द चालायचा तर त्यांचाच. विश्वंभरची बायको सोजराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, ना आत ना बाहेर. तेहेतीस वर्षं तिची बसायची जागा तीच.

"दादा, पाचला अर्ज बंद होतो," सरिता म्हणाली.

"कशाचा अर्ज?" विजयकुमारनं विचारलं. त्याला माहीत होतं. पण माहीत नसल्यासारखं विचारायची त्याला ऑफिसातली सवय.

"अंगणवाडी सेविकेचा. आमच्या गावातली जागा निघाली. बारावी पास पायजे, गावचीच बाई पायजे, विधवेला चाळीसपर्यंत चालतंय. मी एकोणचाळीस पूर्ण. जूनमदी चाळीस. म्हंजी आज चुकलं की मला हे दार जन्माचं बंद. समजलं का?"

"समजलं की."

"सगळं भरून झालं. मालकाच्या मृत्यूचा दाखला हाय, रहिवासी हाय, फोटो हाय. बारावीची मार्कशीट तेवढी न्हाई. ती इथं हाय, दादाच्या पेटीत. आठ दिवसांत चारदा फोन केला. दर वेळी एकच, वर्षाच्या जेवणाला येशीलच. आले. आता पेटी तरी उघडा, न्हाईतर ओटीपी तरी सांगा. डिजिलॉकरातून बोर्डाची मार्कशीट निघती. पण उघडायचा ओटीपी यांच्या खिशात येतो."

या घरात लेकीला लग्नात नाव घातलेली भांडी देतात, पलंग देतात, कपाट देतात. कागद देत नाहीत. लेकीचे कागद घरात असले की लेक अर्धी घरात असते, असं सखुबाई म्हणायची. आता आईच ती, तिला कोण म्हणणार की बाई, त्या अर्ध्या लेकीनं तिकडं नोकरीला काय दाखवायचं? सरिता सासरी गेली तेव्हा तिची मार्कशीट पत्र्याच्या पेटीत राहिली, आणि पेटीची चावी विश्वंभरच्या करगोट्याला गेली.

"मी कवा न्हाई म्हणलो?" विश्वंभर म्हणाला. कधी नव्हे इतक्या गोड आवाजात. "देतो की. आदी बसून बोलू. विजू, काढ ते."

विजयकुमारनं बॅगेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. वसमतहून टाईप करून आणलेलं हक्कसोडपत्र. सरितानं पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुढच्या वाचल्याच नाहीत.

"रीत हाय पोरी," मामा अडकित्ता खाली ठेवत म्हणाले. "बापाचं वर्ष झालं की बहिणी सही देत्यात. तुज्या आत्यांनी दिली. तुज्या आईनं मला दिली, अशाच सतरंजीवर. साडी घ्यायची, ओटी भरून घ्यायची, सही द्यायची आन् हसत जायचं."

"तू सही कर," विश्वंभर म्हणाला. "सोमवारी वसमतला जाऊन साहेबापुढं अंगठा देऊ. आन् सही झाली की ह्या घडीला मी ओटीपी सांगतो. तुजं बी काम, आमचं बी काम."

सरिता हसली. तिला खरंच हसू आलं. गावातल्या बचत गटाच्या चाळीस बायांचे कागद तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या मोबाईलमध्ये भरून दिले होते. कुणाचं आधार, कुणाची मार्कशीट, कुणाच्या पोराचं लायसन. बाया तिला कागदवाली ताई म्हणायच्या. आणि कागदवाल्या ताईचं स्वतःचं खातं उघडत नव्हतं, कारण ते उघडायचे आकडे हट्ट्यातल्या एका शर्टाच्या खिशात वाजत होते.

"दादा," ती म्हणाली, "नुसती सही मागितली असती तर कदाचित दिली बी असती. इचार केला असता. पण माजं नाव आन् माजी जमीन एका दोरीत बांधून देऊन राहिले तुमी. हे न्हाई चालायचं. आदी ओटीपी. सहीचं येगळं."

"आदी सही."

"न्हाई."

मामांनी अडकित्ता पुन्हा उचलला. सरितानं मोबाईल मांडीवर ठेवला आणि घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं.

*

विश्वंभर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा त्याला आत्ताच फाशी द्यायचा.

तेरा वर्षांपूर्वी गावातल्या शाळेत आधारचं शिबिर लागलं तेव्हा घरात मोबाईल एकच होता, त्याचा. सरिता बाळंतपणाला माहेरी आलेली होती, ती तान्ह्या पोरीला घेऊन रांगेत उभी राहिली. मशीनवाल्यानं विचारलं, मोबाईल नंबर? विश्वंभरनं छाती पुढं काढून दहा आकडे सांगितले. एकदा नाही, अकरा वेळा. आईबाप, बायको, पोरं, भाऊ, भावजय, बहीण, चुलता जळबा, सगळ्यांच्या फॉर्मवर तोच नंबर. मशीनवाला म्हणाला पण, "काका, ज्याचा त्याचा असला तर बरं." विश्वंभर म्हणाला, "आमच्यात ज्याचं त्याचं काही नसतंय."

तेव्हापासून घराचा प्रत्येक मेसेज त्याच्या खिशात पडतो. रेशनचा, बियाण्याचा, दवाखान्याचा, पोरांच्या शिष्यवृत्तीचा. जळबाकाका शेतातून ओरडतो, "विश्वंभरा, आला का रं?" आणि हा आकडे सांगतो. घरातल्या अकराही जणांच्या आधारचे शेवटचे चार आकडे त्याला पाठ. कुणासाठी कुठल्या खिडकीत किती तास उभा राहिला हे विचारा, तारखेसकट सांगेल. स्वतःच्या कामासाठी म्हणून तो फार कमी वेळा उभा राहिला, हेही खरं.

बाप गेला तेव्हा माणसांनी त्याला पुढं बसवलं, डोक्याला टॉवेल बांधला, म्हणाले, आता घराचा कर्ता तू. कर्ता म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगितलं नाही. जमीन तिघांची, पोरं आपापल्या वाटेला, विजू हिंगोलीला, बहीण कनेरगावला. मग कर्त्याच्या हातात राहिलं काय? खिशातला फोन. तो वाजला की त्याला बरं वाटायचं. कुणालातरी आपली गरज आहे, असं वाटायचं. आता बहीण फोनवर म्हणाली होती की एकदाच सांगा, मग पुन्हा विचारणार नाही. त्या 'पुन्हा विचारणार नाही'नंच त्याला आतून कापलं.

आणि दुसरी एक गोष्ट होती, पेटीची. ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

*

विजयकुमारला तासभर चाललेल्या या भांडणात एकच भीती होती, ती म्हणजे कुणीतरी त्याला मत विचारेल.

तो दादाच्या बाजूनं होता. हक्कसोड झाली की फेरफार, फेरफार झाला की वाटणी, वाटणी झाली की हिंगोलीतल्या प्लॉटवर स्लॅब. गणित सरळ होतं. पण बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं की गणित चुकल्यासारखं वाटायचं, म्हणून तो हळदीकडं पाहत होता.

"विजूभाऊ," सरिता म्हणाली.

झालं, आलं आपल्यावर.

"तुमचा आधारला कोणता नंबर हाय?"

"माझा? माझा म्हणजे... आपला नेहमीचा."

"नेहमीचा म्हंजी दादाचा?"

विजयकुमारनं पँटीवरची न पडलेली सुरकुती नीट केली. ऑफिसात साहेबासमोर तो सफाईनं खोटं बोलायचा, पण धाकट्या बहिणीसमोर ते कधी जमलं नाही. लहानपणी पेरू चोरला तरी ही पोरगी त्याच्या तोंडाकडं बघूनच ओळखायची.

"बदलला मी," तो म्हणाला.

"कवा?" हा प्रश्न विश्वंभरचा होता.

"झाली पाच वर्षं. मिनानं लकडा लावला. माझा, तिचा, दोन्ही पोरांचा. हिंगोलीत केंद्र आहे, अर्ध्या तासाचं काम..."

"पाच वर्षं," विश्वंभर म्हणाला. "म्हून तुजा फोन येत न्हाई कवा. मी समजलो पोरगं ऑफिसात गुतलंय. मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही नाराज झाला असता."

"मग आता काय मी नाचून राहिलो?"

नरसिंगमामा हसले. पोट धरून हसले, सुपारीचं खांड घशात अडकेपर्यंत. सोजराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. पाणी पिऊन, डोळे पुसून मामा म्हणाले, "विश्वंभरा, लेका, तुज्या अकरातले चार तर कवाच पळाले! तू रिकामा गोठा राखून राहिला."

"मामा, तुमी तर रीत सांगत होते."

"रीत सहीची हाय, ओटीपीची कुठं हाय? तुज्या आईनं मला सही दिली, ती खुशीनं दिली. मी तिचा दाखला दाबून ठेवून न्हाई घेतली." मामांचा आवाज आता हसरा नव्हता. "उठ. पेटी उघड. पोरीचा कागद पोरीला दे. त्या मोबाईलचं मला समजत न्हाई, कागदाचं समजतंय. सहीचं मागून बघू."

हे बोलणं आडवं येईल असं विश्वंभरला वाटलं नव्हतं. मामा आपल्या बाजूला बसलेत, एवढं त्यानं धरूनच ठेवलं होतं. त्याचा हात करगोट्याकडं गेला आणि तसाच परत आला.

"चावी सापडत न्हाई," तो म्हणाला.

"कमरेला हाय की," सरिता म्हणाली.

"ती दुसरी."

"दादा, साडेतीन झाले!" आता तिचा आवाज चढला. "बोर्डातून दुसरी प्रत काढायची तर महिना जातो. नंबर बदलायचा अर्ज मी परवाच देऊन आले, त्याला बी दिवस लागत्यात. मला दिवस न्हाईत, दीड तास हाय. वसमतच्या कॉलेजच्या क्लार्कला हातापाया पडून जुन्या रजिस्टरातून माजा बैठक क्रमांक काढून घेतला. परका माणूस, त्यानं दुपारची चपाती बाजूला ठेवून शोधला. आन् तुमी माजे सख्खे भाऊ, तुमाला सहा आकडे जड झाले?"

विश्वंभरनं शर्टाचा खिसा वरूनच चाचपला.

*

सोजराबाईला नणंदेचा कळवळा होता असं कुणी समजू नये. तेहेतीस वर्षांत दोघींची तीन मोठी भांडणं झाली होती, त्यातलं एक तर साध्या तव्यावरून. सरिता आली की घरात जोरात बोलते, जोरात हसते, सगळ्यांना कामाला लावते, हे सोजराबाईला पटत नसे. आणि जमीन घरातच राहावी असं तिलाही वाटत होतं. तिच्याच पोरांची होती ना ती पुढं.

पण मागच्या श्रावणात पेटी उघडली होती ती तिनंच. झाडलोट करताना पेटीखालून मातीची रेघ निघालेली दिसली. नवऱ्याकडून चावी मागून झाकण उचललं तर वरचा थर नुसता दिसायला चांगला आणि खाली भुगा. वाळवीनं सगळं खाल्लं होतं. सासूचं रेशनकार्ड, सासऱ्याचा शाळेचा दाखला, सरिताची मार्कशीट, सोजराबाईच्या स्वतःच्या जन्माचा एकुलता कागद. विश्वंभर त्या भुग्यात हात घालून बराच वेळ बसला होता. मग म्हणाला, "कुणाला बोलू नको. तुला माजी आण हाय." ती बोलली नाही. नवऱ्याची आण. शिवाय त्याचे डोळे भरलेले तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिले होते.

आज मात्र तिला नांदेड आठवत होतं. पोटाच्या ऑपरेशनला तिला भाचा घेऊन गेला होता. खिडकीवरच्या पोरीनं सरकारी उपचाराचं कार्ड काढायला ओटीपी मागितला. फोन इथं, विश्वंभर मळ्यात, मळ्यात रेंज नाही. सकाळी दहापासून तीनपर्यंत ती पोट धरून बाकावर बसली. खिडकीवरची पोरगी भली होती, दर अर्ध्या तासानं विचारायची, "मावशी, आला का नंबर?" आणि सोजराबाई सांगायची, "येतोय बाई, मालक बघत्यात." तिला त्या दुखण्याचं काही वाटलं नाही. पण माझंच नाव माझंच आहे हे सिद्ध करायला मला दुसऱ्याच्या खिशाची वाट बघावी लागते, याचं फार वाईट वाटलं. घरी येऊन तिनं ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

समोर सरिता बसली होती, आणि तिच्या तोंडावर बाकावरची तीच वाट बघणं होतं.

सोजराबाई उंबऱ्यावरून उठली आणि सतरंजीवर येऊन उभी राहिली. मामा बसलेले असताना ती सतरंजीवर कधी आली नव्हती. विश्वंभरनं वर पाहिलं आणि त्याला समजलं.

"सोजरे," तो म्हणाला. "न्हाई."

"आण तुमची होती, ती मी मोडून राहिले. द्यायचं ते पाप मला द्या." ती मामांकडं वळली. "मामा, चावी बी हाय, पेटी बी हाय. कागद न्हाईत. वाळवीनं खाल्ले. सरिताबाईची मार्कशीट बी गेली, माजा बी कागद गेला. मालकाला लाज वाटती म्हून ते चावीचं सोंग करून राहिले. सहीसाठी अडवलं हे खरं, पर पेटी उघडली न्हाई ती सहीसाठी न्हाई."

अंगणात कोंबडी हळदीवर चढली होती, तिला हाकलायलाही कुणी उठलं नाही.

"आईचं रेशनकार्ड?" विजयकुमारनं विचारलं.

"सगळं."

विश्वंभर खाली मान घालून बसला होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बापाच्या वर्षाच्या दिवशी, धाकट्यांसमोर. "मी डांबरगोळ्या टाकल्या होत्या," तो म्हणाला. "दर वर्षी टाकायचो. तुमी सगळ्यांनी भरवशानं ठिवायला दिलेलं. कोणत्या तोंडानं सांगू?"

सरिताला राग यायला पाहिजे होता. आलाही. आठ दिवस चार फोन, आणि हा माणूस नसलेल्या कागदाची किंमत लावत बसला होता! पण त्या रागाच्या खाली भावाविषयी दया दडलेली होती, आणि दोन्हींचा एकदम हिशेब लावायला वेळ नव्हता. तिनं घड्याळ पाहिलं. चार वाजायला पाच मिनिटं.

"दादा, माजा कागद वाळवीनं खाल्ला म्हून मी तुमाला एक शब्द बोलत न्हाई," ती म्हणाली. "वाळवी कुणाच्या बी घरात निघती. पर बोर्डाकडं असलेल्या मार्कशीटला वाळवी लागत न्हाई. तिथली तरी मला काढू द्या. मी आता बटण दाबते. दहा मिनिटं चालतोय नंबर. सांगायचा का न्हाई ते तुमी बघा. सही मी आज करणार न्हाई, हे ऐकून मग काय ते करा."

तिनं बटण दाबलं.

विश्वंभरच्या खिशात फोन वाजला.

त्यानं तो काढला. सवयीनं डोळ्यांपासून लांब धरला. मग त्यानं हात लांब केला आणि फोन बायकोकडं दिला.

"तू सांग," तो म्हणाला. "मला न्हाई दिसून राहिलं."

सोजराबाईची शाळा चौथीपर्यंत. ती एकेक आकड्यावर पिवळं बोट ठेवून, शाळेत पाढे म्हणावेत तशी मोठ्यानं बोलली. "चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ." सरितानं टाकले. खातं उघडलं. वर्ष टाकलं, बैठक क्रमांक टाकला. मधे एक चकरी फिरत राहिली. नरसिंगमामा अडकित्ता विसरून पुढं वाकले.

आणि आली. काळ्या अक्षरांची, स्वच्छ, कोपरा न दुमडलेली.

"आली!" सरिता ओरडली. "वैनी, आली की!" आणि तव्याचं भांडण, आणि त्याआधीची दोन, सगळं बाजूला ठेवून तिनं सोजराबाईचा हात घट्ट धरला. हळदीचा पिवळा रंग तिच्याही बोटांना लागला.

विश्वंभर मान लांब करून पाहत होता. "ते वर काय लिव्हलंय? नावाच्या खाली?"

"आईचं नाव."

"सखुबाई?"

"व्हय."

त्याला वाटलं होतं, पेटीबरोबर आईचं नाव घरातल्या कागदांवरून गेलं. त्यानं स्क्रीनला हात लावला नाही, फक्त पाहिलं आणि नाक शर्टाच्या बाहीला पुसलं.

चार वाजून वीस मिनिटांनी अर्ज गेला. पोचपावतीचा मेसेज सरिताच्या स्वतःच्या फोनवर आला, कारण अर्जात नंबर तिनं स्वतःचा घातला होता.

*

मग थोडा वेळ सगळेच एकदम बोलायला लागले. मामा म्हणाले, मलाही दाखव हे काय भानगड आहे. विजयकुमार म्हणाला, सरू, मी आधीच सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं. सोजराबाई चहा टाकायला उठली आणि उंबऱ्यातून वळून म्हणाली, "सरिताबाई, सोमवारी माज्याबरोबर वसमतला येता का? मला माजा नंबर लावायचाय. पोरानं दिलेला फोन हाय, भजनं बघायला. त्याचा."

"येते की."

"पर बोटाचे ठसे उठत्याल का? हळदीनं पार गुळगुळीत झालेत."

"न्हाई उठले तर डोळ्याचे घेत्यात. काम अडत न्हाई."

"आन् हे?" मामांनी हक्कसोडपत्राकडं बोट केलं.

सरितानं कागद उचलला, पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि विजयकुमारच्या बॅगेवर ठेवला. "ह्याचं मी घरी जाऊन ठरवीन. देईन, न्हाईतर वाटा मागीन. जे ठरंल ते मी फोन करून सांगीन. तवर कुणी मला साडी दाखवायची न्हाई."

"आन् वाटा मागितला तर?" विजयकुमार पटकन बोलून गेला.

"तर मागितला. तुमची बहीण हाय, मागायला घाबरत न्हाई."

मामांनी मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते मामांनाच माहीत.

चहा झाला. सहाच्या एसटीला अजून अवकाश होता. सरिता अंगणात चप्पल शोधत होती तेव्हा विश्वंभर तिच्याजवळ आला. इतका हळू आला की तिला पावलं ऐकू आली नाहीत.

"सरे. माजं बी निघंल का काही त्याच्यात?"

तिनं वर पाहिलं. "तुमी अजून उघडलंच न्हाई? अकरा जणांचे ओटीपी सांगत बसले आन् सोताचं खातं न्हाई?"

"माजं कुणी मागितलंच न्हाई कवा." तो हातातल्या फोनकडं पाहत होता. "माजे बी कागद त्याच पेटीत होते की."

आता मात्र तिचा उरलेला राग गेला. गेला म्हणजे संपला नाही, पण आजपुरता गेला. "निघंल. आधार निघंल, पॅन निघंल, ट्रॅक्टरचं लायसन निघंल. दहावीची लई जुनी हाय तुमची, तिचं सांगता येत न्हाई. बसा हितं."

तो पायरीवर बसला. फोन तिनं त्याच्याच हातात राहू दिला, फक्त कुठं दाबायचं ते सांगत गेली. आधारचा नंबर त्यानं न बघता टाकला. ओटीपी आला, तो त्याचा त्यानं वाचला आणि टाकला. नंतर स्क्रीनवर सहा रिकामे चौकोन आले.

"हे काय?"

"पिन. सहा आकडे. तुमचे तुमी ठरवायचे. पुढच्या वेळी हे टाकले तरच उघडंल."

"तूच टाक बाई. तुज्या ध्यानात राहील."

"न्हाई दादा. हा कुणाला सांगायचा नसतो. वैनीला न्हाई, विजूभाऊला न्हाई. मला तर मुळीच न्हाई."

एवढं बोलून ती उठली, चार पावलं लांब गेली आणि त्याच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

विश्वंभरचा अंगठा हवेतच थांबला. त्यानं बहिणीकडं पाहिलं. त्याला वाटलं, वळून बघेल. चेष्टेनं तरी बघेल. या घरात त्याच्यापासून कुणी काही झाकलं नव्हतं आणि त्यानं कुणाला झाकू दिलं नव्हतं. आणि ज्या बहिणीचे सहा आकडे त्यानं आठ दिवस मुठीत धरले, ती त्याच्या सहा आकड्यांना पाठ देऊन उभी होती. खरंच उभी होती. पदर डोक्यावर, हात मागं बांधलेले.

त्यानं एक आकडा दाबला. मग दुसरा. मग थांबला.

"झालं का, दादा?" सरितानं भिंतीकडं बघतच विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "वळू नको अजून."